अमेरिकेच्या इतिहासाची अस्सल साधने घरबसल्या : ‘फाउंडर्स ऑनलाइन’ आणि शेजारचे तीन संग्रह

इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, तरी अमेरिकेचा इतिहास मी सगळा दुसऱ्यांच्या शब्दांतच शिकवला, ही कबुली सुरुवातीलाच दिलेली बरी. बोस्टनचा चहा, १७७६चा जाहीरनामा, १७८७ची राज्यघटना, लिंकन आणि यादवी युद्ध हा क्रम ठरलेला असतो आणि विद्यार्थी तो ‘कारणे’ व ‘परिणाम’ अशा दोन मथळ्यांखाली पाठ करतात. मराठ्यांच्या इतिहासाच्या बाबतीत हे आपण खपवून घेत नाही. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखरीतले वाक्य आणि अस्सल पत्रातले वाक्य यांचे वजन वेगवेगळे असते, हे मराठी वाचकाच्या अंगवळणी पडले आहे. तीच शिस्त अमेरिकेच्या इतिहासाला लावून पाहावी, असे मनात आले आणि शोध सुरू झाला.

पहिला प्रयत्न फसला. अमेरिकेच्या ‘मूळ दस्तऐवजांचा’ म्हणून एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला. तो जुन्या छापील पुस्तकाची पाने यंत्राकडून वाचून घेऊन, कोणाच्याही नजरेखालून न घालता छापलेला निघाला. अठराव्या शतकातल्या छपाईत शब्दाच्या शेवटी नसलेले ‘एस’ हे अक्षर लांबुळके, ‘एफ’सारखे दिसणारे असे, यंत्राने ते ‘एफ’च धरले आणि पानोपानी ‘काँग्रेस’चे ‘काँग्रेफ्स’ झाले. तो ग्रंथ आता कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर आहे. जे पैसे मोजून मिळाले नाही, ते फुकट आणि कितीतरी चांगल्या रूपात उपलब्ध आहे, हे त्यानंतर कळले.

‘फाउंडर्स ऑनलाइन’ हे संकेतस्थळ अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेच्या साहाय्याने २०१३ साली सुरू केले. जॉर्ज वॉशिंग्टन, बेंजामिन फ्रँकलिन, जॉन ॲडम्स व त्यांचे कुटुंबीय, टॉमस जेफरसन, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जेम्स मॅडिसन यांचा पत्रव्यवहार व इतर कागद त्यावर आहेत. पुढे त्यात जॉन जे यांच्या कागदांची भर पडली. एकूण कागदांची संख्या १,८०,००० च्या वर जाते. नोंदणी करावी लागत नाही, शुल्क नाही. मुखपृष्ठावर शोधाची चौकट आहे आणि लेखक, ज्याला पत्र लिहिले ती व्यक्ती व कालखंड यांप्रमाणे निवड करता येते. दिसायला ते अगदी साधे, काहीसे सरकारी वळणाचे आहे, आणि मला ते तसेच आवडते.

माझ्या मते या संकेतस्थळाचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे पत्राच्या डोक्यावर असलेले मागच्या व पुढच्या कागदाकडे नेणारे दुवे. प्रसिद्ध पत्र एकटे वाचण्याची आपली खोड त्यांच्यामुळे मोडते. उदाहरणार्थ, ॲबिगेल ॲडम्स यांनी ३१ मार्च १७७६ रोजी पतीला लिहिलेले पत्र घ्या. नवे कायदे कराल तेव्हा स्त्रियांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, एवढे त्यातले वाक्य सगळीकडे उद्धृत होते. पूर्ण पत्र उघडले की ते वाक्य यायला बराच वेळ लागतो. आधी व्हर्जिनियाच्या संरक्षणाची चौकशी आहे. तिथल्या लोकांना आपल्यासारख्याच माणसांचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याची सवय असल्याने त्यांच्या ठायी स्वातंत्र्याची ओढ तितकी प्रबळ नसावी, अशी शंकाही त्यांनी बोलून दाखवली आहे. मग ब्रिटिश फौज निघून गेल्यावर बोस्टनमधल्या स्वतःच्या घराची अवस्था सांगितली आहे: एका पलटणीच्या डॉक्टराने ते वापरले होते, घर फार घाण झाले आहे, पण दुसरे नुकसान नाही. बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करून पाहण्याचा बेत आहे, मात्र तो साबणाचे काम उरकल्यावर, कारण घरच्यांचे कपडे तयार करण्यातच दिवस जातो. अशा घरगुती आणि युद्धाच्या मजकुरात ते वाक्य येते, म्हणूनच त्याला धार आहे. ते लिहिणारी बाई व्यासपीठावर उभी नाही. नवरा फिलाडेल्फियाला असताना घर, शेती आणि मुले एकहाती सांभाळणारी ती गृहिणी आहे.

दुव्यांवरून पुढे गेले की १४ एप्रिलचे जॉन ॲडम्स यांचे उत्तर लागते. तुझ्या या अजब कायदेसंहितेवर मला हसूच येते, असे ते लिहितात आणि पुढे, बहुधा नकळत, फार मोलाची कबुली देतात. आपल्या लढ्यामुळे सगळीकडचाच धाक सैल झाला आहे, मुले आणि शिकाऊ उमेदवार आज्ञा मोडतात, इंडियन आपल्या पालकांना जुमानत नाहीत, निग्रो मालकांशी उर्मटपणे वागतात, अशा तक्रारी कानांवर आल्या होत्याच. पण या सर्वांहून संख्येने मोठा असा आणखी एक वर्ग असंतुष्ट आहे, हे तुझ्या पत्रावरून प्रथमच कळले, असा त्यांचा सूर आहे. क्रांतीची हवा समाजाच्या खालच्या थरांपर्यंत कशी पोहोचली, यावर आमच्या पाठ्यपुस्तकात अख्खा परिच्छेद होता. त्यातल्या कोणत्याही वाक्यापेक्षा ही चेष्टेतली ओळ अधिक सांगून जाते.

दुसरा अनुभव वॉशिंग्टन यांच्या कागदांचा. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट गावच्या ज्यू मंडळींना त्यांनी ऑगस्ट १७९० मध्ये पाठवलेले पत्र धर्मस्वातंत्र्याची सनद म्हणून नेहमी सांगितले जाते. धर्मांधतेला थारा नाही आणि छळाला साहाय्य नाही, असे हे सरकार आहे, अशा आशयाचे त्यातले वाक्य प्रसिद्ध आहे. ते वाक्य मुळात वॉशिंग्टन यांचे नव्हेच. न्यूपोर्टच्या ज्यू मंडळींच्या वतीने मोझेस सेशस यांनी राष्ट्राध्यक्षांना जे मानपत्र दिले, त्यात हे शब्द आलेले आहेत आणि वॉशिंग्टन यांनी ते उत्तरात जसेच्या तसे उचलले आहेत. यामुळे पत्राचे मोल कमी होत नाही. अल्पसंख्य समाजाने सत्तेच्या तोंडी शब्द घातले आणि सत्तेने ते स्वीकारले, ही गोष्ट मला मूळ दंतकथेपेक्षा अधिक रंजक वाटते. पण ती दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

आता त्याच शोधाच्या चौकटीत वॉशिंग्टन यांचे नाव तसेच ठेवून ‘जोसेफ व्हिपल’ हे नाव घालावे. व्हिपल हे न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्‌स्मथ बंदरातले जकात अधिकारी. मार्था वॉशिंग्टन यांच्या सेवेतली ओना जज ही गुलाम तरुणी मे १७९६ मध्ये फिलाडेल्फियाच्या राष्ट्राध्यक्षनिवासातून निसटून पोर्ट्‌स्मथला पोहोचली, तेव्हा तिला परत पाठवण्याचे काम या अधिकाऱ्यावर सोपवले गेले. व्हिपल तिच्याशी बोलले. राष्ट्राध्यक्ष व त्यांच्या पत्नी यांच्या पश्चात आपल्याला मुक्त करण्याचे वचन मिळाले, तर परत येऊन निष्ठेने चाकरी करू, असे तिने सांगितल्याचे त्यांनी कळवले. २८ नोव्हेंबर १७९६ च्या उत्तरात वॉशिंग्टन यांनी अशी तडजोड मुळीच मान्य होण्यासारखी नाही, असे लिहिले आणि कारण दिले ते असे की, बेइमानीला असे बक्षीस दिले, तर जे इतर नोकर इमानाने राहिले आहेत त्यांची मने आधीच बिघडतील. मात्र जबरदस्तीने दंगा उसळेल असे काही करू नये, अशी पुस्तीही जोडली. भाषा तीच, सभ्य आणि मोजूनमापून लिहिलेली, हात तोच, दोन पत्रांत सहा वर्षांचे अंतर. वॉशिंग्टन यांना दांभिक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण दोन्ही पत्रे एका बैठकीत वाचल्यावर मला ते पुरेसे वाटेना. न्यायाची भाषा या माणसाला उत्तम येत होती आणि तिची हद्द कुठे संपते याविषयी त्याच्या मनात तिळमात्र गोंधळ नव्हता, हे त्या कागदावर दिसते.

इथेच या संग्रहाची मर्यादाही स्पष्ट होते. ओना जज या कागदांत आहे, पण तिच्याविषयी दुसरे लिहितात. ती स्वतः बोलत नाही. तिचे बोलणे ऐकायचे तर १८४५ साली न्यू हॅम्पशायरमधल्या ‘ग्रॅनाइट फ्रीमन’ या वर्तमानपत्रात आलेल्या मुलाखतीकडे जावे लागते. सात थोरांच्या दप्तरांतून देशाचा इतिहास वाचणे म्हणजे केवळ पेशवे दप्तर वाचून अठराव्या शतकातला महाराष्ट्र समजून घेण्यासारखे आहे: माहिती अफाट मिळते, पण ती ज्याच्या ओसरीवर बसून लिहिली गेली त्याच्याच बाजूने दिसते. हा दोष संपादकांचा नाही. कोणाचा कागद जपला गेला, यातच तो आहे.

तांत्रिक बाजूने दोन गोष्टी सांगून ठेवतो. इथे हस्तलिखितांची छायाचित्रे नसून विद्वानांनी संपादित केलेल्या छापील खंडांतला मजकूर आहे. त्यामुळे वाचन सुलभ होते, पण खाडाखोड, शाईचा फरक, समासातली नोंद हे सारे टीपांतूनच कळते. अजून खंडरूपाने प्रसिद्ध न झालेल्या पत्रांवर तसा इशारा छापलेला असतो आणि तो गांभीर्याने घ्यावा. मूळचे वर्णलेखन कायम ठेवलेले असल्याने आजच्या वर्णलेखनाने शोधल्यास काही कागद निसटू शकतात. एखाद्या शब्दाची दोन-तीन जुनी रूपे घालून पाहिलेली बरी. टीपा मात्र अव्वल आहेत. माझ्या वाचनाचा निम्मा वेळ त्यांतच जातो.

खाडाखोड पाहायची असेल, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जेफरसन यांच्या हातचा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कच्चा खर्डा उघडावा. पाने चार. छायाचित्र हवे तितके मोठे करता येते, आणि एखादा शब्द पडद्याच्या रुंदीइतका केला की खोडलेल्या अक्षरांच्या रेघा मोजता येतात. ज्या सत्यांना आपण आज ‘स्वयंसिद्ध’ म्हणतो, ती आधी ‘पवित्र व निर्विवाद’ होती, हे तिथे डोळ्यांनी दिसते. एका ठिकाणी ‘आपले नागरिकबांधव’ अशा अर्थाचे शब्द आहेत. त्यातल्या ‘नागरिक’ या शब्दाखाली काहीतरी पुसून टाकल्याचा डाग होता. २०१० साली ग्रंथालयाच्या शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात त्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा खाली ‘प्रजा’ हा शब्द निघाला. शाई ओली असतानाच तो पुसून त्यावर नवा शब्द लिहिला होता. जेफरसन खोडलेले शब्द सहसा रेघ मारून तसेच ठेवत. हा शब्द मात्र त्यांनी दिसूच नये असा पुसला. ज्या वाक्यात तो आहे ते वाक्य अंतिम मसुद्यात राहिलेच नाही. राजाची प्रजा असणारा माणूस नागरिक कधी होतो, या प्रश्नावर मी वर्गात तासभर बोलत असे. आता तो डाग दाखवतो आणि गप्प बसतो.

त्याच खर्ड्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजावर ठपका ठेवणारा एक लांबलचक उतारा आहे. काँग्रेसने तो गाळला. स्वतः शेकडो माणसांचा मालक असलेला लेखक हा व्यापार राजाच्या माथी मारतो आणि तेवढेही सभागृहाला झेपत नाही, हा प्रसंग कोणत्याही सारांशापेक्षा खर्डा आणि छापील प्रत शेजारी ठेवून वाचावा.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मूळ दस्तऐवजांची छायाचित्रे आणि शब्दशः प्रती आहेत. त्यांतल्या लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेकडे मराठी वाचकाने आवर्जून जावे, आणि त्याला कारण आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. ही अर्पणपत्रिका आपल्याला ठाऊक असते. ज्या घटनेचा गौरव तीत आहे, तो कागद मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेला असतो. पाच पानांचा तो दस्तऐवज मुळात लाल आणि निळ्या अरुंद फितीने बांधलेला होता. आत उदात्त गद्य शोधणाऱ्याची निराशा होते. बंडखोर राज्यांची यादी येते आणि लगेच वगळलेल्या प्रदेशांची: लुइझियानातले सेंट बर्नार्ड, प्लॅकमिन्स, जेफरसन, न्यू ऑर्लिन्स शहरासह ऑर्लिन्स आणि असे आणखी काही तालुके, व्हर्जिनियातले, पश्चिम व्हर्जिनिया म्हणून वेगळे झालेले ४८ जिल्हे आणि इतर काही. या भागांत घोषणा जणू निघालीच नाही असे समजावे, असे त्यात चक्क लिहिले आहे. संघराज्याशी निष्ठावंत राहिलेल्या गुलामधारी राज्यांचा तर उल्लेखच नाही. बंड मोडण्यासाठीचा हा युद्धकालीन उपाय आहे, असे ही घोषणा स्वतःच सांगते. गुलामगिरी देशभर कायद्याने संपली ती १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. हे सगळे वाचून पुन्हा फुल्यांच्या अर्पणपत्रिकेकडे वळलो, तेव्हा प्रथमच लक्षात आले की त्यांनी ती लिंकन यांना किंवा सरकारला अर्पण केलेली नाही, लोकांना केली आहे. ते त्यांनी घोषणेची कलमे वाचून केले असे मी म्हणणार नाही. पण निवड अचूक होती.

याच संदर्भात आणखी एक कागद सांगण्याचा मोह आवरत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना लिहिलेले पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयाने डु बॉइस यांच्या कागदांसोबत खुले केले आहे. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यात मागितल्या आहेत. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की दुसऱ्या प्रश्नाचा अभ्यास स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक ठरतो, असे ते लिहितात. पत्र छोटे, टंकलिखित आणि कामापुरते आहे. डु बॉइस यांचे उत्तरही त्याच संग्रहात मिळते.

शेवटचा संग्रह ‘क्रॉनिक्लिंग अमेरिका’, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसने खुला केलेला जुन्या वर्तमानपत्रांचा साठा. पाने २ कोटींहून अधिक. इथे यंत्राने वाचलेल्या मजकुरातच शोध घ्यावा लागत असल्यामुळे, ‘काँग्रेफ्स’चा माझा जुना मित्र अधूनमधून भेटतो, फरक इतकाच की इथे मूळ पानाचे छायाचित्र शेजारीच असते आणि चूक स्वतः दुरुस्त करून घेता येते. थोरांच्या दप्तरांत ज्यांना जागा नाही, अशी माणसे इथे सापडतात. गुलामगिरीतून सुटलेले जॉर्डन अँडरसन यांचे पत्र ऑगस्ट १८६५ मध्ये वर्तमानपत्रांत छापले गेले. टेनेसीतला जुना मालक, कर्नल अँडरसन, यांनी त्यांना पुन्हा कामावर येण्याचे निमंत्रण दिले होते. ओहायोतल्या डेटन गावी स्थिरावलेल्या जॉर्डन यांनी त्याला उत्तर म्हणून हे पत्र सांगून लिहवून घेतले. सांगून लिहवलेले म्हटल्यावर लिहिणाऱ्याचा हात त्यात किती, ही शंका घ्यायलाच हवी. पण १८७० च्या जनगणनेत डेटनमध्ये त्यांची नोंद मिळते, तेव्हा माणूस कल्पित नाही एवढे नक्की. कर्नलसाहेबांच्या हेतूची परीक्षा म्हणून ते थकलेली मजुरी मागतात: मी ३२ वर्षे राबलो, माझी बायको मँडी २० वर्षे, माझे महिना २५ डॉलर आणि तिचे आठवड्याला २ डॉलर धरले तर ११,६८० डॉलर होतात. मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. ९,६०० अधिक २,०८०. एका डॉलरचीही चूक नाही. त्यातून आमच्या कपड्यांचा, डॉक्टरच्या तीन खेपांचा आणि मँडीचा एक दात काढल्याचा खर्च वजा करावा, असेही ते नम्रपणे सुचवतात.

हे चारही संग्रह मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला जड जातील, कारण अठराव्या शतकातली इंग्रजी वाक्ये लांब असतात आणि मराठी भाषांतरे कुठेही नाहीत. महाविद्यालयीन शिक्षकांनी चार-पाच कागद निवडून, टीपांसह वर्गात वाचून घेतले तर पुष्कळ होईल. स्पर्धा परीक्षेची घाई असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये, त्यांचा वेळ मोडेल. ज्याला फक्त एक कागद वाचायचा असेल, त्याला मी जॉर्डन अँडरसन यांचे पत्रच सुचवीन, आणि तेही शेवटच्या ओळीपर्यंत. त्या ओळीत ते कर्नलसाहेबांना लिहितात की, जॉर्ज कार्टरला माझा नमस्कार सांगा, आणि तुम्ही माझ्यावर गोळ्या झाडत होता तेव्हा त्याने तुमच्या हातातले पिस्तूल काढून घेतले याबद्दल त्याचे आभार माना.